त्वचेतल्या ग्रंथी आणि संवेदनाग्राही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथी आणि संवेदनाग्राही यांचा एकत्र विचार कशासाठी करायचा?

अभ्यासक्रमात घर्मग्रंथी उत्सर्जनाच्या धड्यात येतात आणि स्पर्शाचे ग्राही, म्हणजे स्पर्श टिपणाऱ्या त्वचेतल्या बारीक रचना, ज्ञानेंद्रियांच्या धड्यात. मधे बरीच पानं जातात आणि विद्यार्थ्याच्या मनात या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच उरत नाही. प्रत्यक्षात नखाएवढ्या त्वचेत दोन्ही शेजारी-शेजारी बसलेल्या असतात आणि दोन्हींना तंतू मिळतात ते त्याच बारीक नसांमधून. ग्राहींचे तंतू संवेदना आत नेतात, ग्रंथींचे तंतू आदेश बाहेर आणतात. पण त्वचेजवळ ते सगळे एकाच जुडीत असतात. त्यामुळे नस बिघडली की बऱ्याचदा स्पर्श आणि घाम दोन्ही एकदम जातात. कुष्ठरोगाचा चट्टा, मधुमेह्याचा कोरडा पाय, जन्मतः वेदना न जाणवणारं मूल, सगळीकडे हेच दिसतं. ही एक गोष्ट पक्की झाली की त्वचेबद्दलचं बाकीचं फारसं पाठ करावं लागत नाही, असा माझा शिकवण्यातला अनुभव आहे.

त्वचेच्या कोणत्या थरात काय असतं?

वर बाह्यत्वचा, तिच्याखाली अंतस्त्वचा, त्याखाली चरबीचा थर. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, पण चेतातंतूंची उघडी टोकं तिच्यात शिरलेली असतात. घर्मग्रंथीचं वेटोळं अंतस्त्वचेच्या तळाशी किंवा त्याच्याही खाली चरबीत असतं आणि तिची नळी नागमोडी वळणं घेत वर येते. तैलग्रंथी केसाच्या मुळाला चिकटलेल्या. ग्राहींपैकी मर्केल पेशी बाह्यत्वचेच्या तळाला, मायस्नर कणिका तिच्या लगेच खाली, रुफिनी त्याहून खाली आणि पॅसिनी सर्वांत खोल (प्रत्येकाचं काम पुढे येतं). प्रौढ माणसाची सगळी त्वचा पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते.

घर्मग्रंथी किती असतात? वयाबरोबर वाढतात का?

साधारण 20 ते 40 लाख. सर्वांत दाट तळहात, तळपाय आणि कपाळावर. ओठांच्या लाल भागावर आणि नखांखाली त्या नसतात. गर्भात चौथ्या महिन्याच्या सुमाराला त्या आधी तळहात-तळपायांवर तयार होऊ लागतात, मग बाकीच्या अंगावर. जन्मानंतर नव्या ग्रंथी तयार होत नाहीत. म्हणजे तान्ह्या बाळाच्या इवल्याशा अंगावर मोठ्या माणसाइतक्याच ग्रंथी दाटीवाटीने असतात, फक्त त्यांचं काम अजून नीट सुरू झालेलं नसतं. बाळाला झबलं, त्यावर स्वेटर, कानटोपी आणि वर दुपटं असं मे महिन्यात गुंडाळणं म्हणूनच धोक्याचं आहे.

बोटाच्या टोकावर घाम फुटताना डोळ्यांनी बघता येतो का?

येतो, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी बघावा. बोट धुऊन कोरडं करा, खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा आणि भिंगातून पाहा. ठशाच्या रेषांच्या माथ्यावर ओळीने चमकणारे बारीक ठिपके दिसतात. हीच ग्रंथींची तोंडं. दोन रेषांमधल्या खाचेत एकही नसतं. बोट पुसलं की ठिपके जातात आणि काही क्षणांत परत उगवतात. आता शंभरातून सात-सात वजा करत मनातल्या मनात उलटं मोजायला लागा. ठिपके भरभर मोठे होतील.

दुसरा प्रयोग रशियन मज्जाविकारतज्ज्ञ व्हिक्टर मायनर यांनी 1928 मध्ये रूढ केला. त्वचेला टिंक्चर आयोडीन लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि वर कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं. जिथे घामाचा थेंब येतो तिथे निळा-काळा ठिपका उमटतो. (आयोडीनची ॲलर्जी असेल तर करू नये.) जिथे ग्रंथींना नसांकडून आदेश मिळत नाही, तो भाग पांढराच राहतो.

जाता जाता आणखी एक: तळहातावर तैलग्रंथी नसतात. बोटांच्या ठशात जे तेल सापडतं, ते आपण दिवसभर चेहऱ्याला आणि केसांना हात लावतो त्यातून आलेलं असतं.

घामाने अंग गार होतं, मग मुंबईत घामाच्या धारा लागूनही गार का वाटत नाही?

गारवा घाम येण्याने मिळत नाही, तो वाळण्याने मिळतो. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते. ओघळून गंजिफ्रॉकमध्ये मुरलेला किंवा जमिनीवर पडलेला घाम जवळपास वाया जातो. त्यातलं पाणी आणि मीठ मात्र शरीरातून जातंच.

नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत चढतो, पण हवा कोरडी असते. घाम आला की वाळतो, इतका पटकन की आपल्याला घाम येतच नाही असं लोकांना वाटतं. तिथे धोका वेगळा: नकळत भरपूर पाणी जातं आणि तहान मागे पडते. कोकणपट्टीत पारा 34-35 वर असतो, पण हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळायला जागा नाही. विदर्भात कूलर उत्तम चालतो आणि मुंबईत त्याने खोली नुसती ओलसर होते, त्यामागेही हेच कारण.

उन्हात कष्ट करणाऱ्याला तासाला एक-दीड लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या किंवा रस्त्याच्या कामावर नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भर दुपारी पूर्ण काम देऊ नये. हा मुकादमाच्या मर्जीचा विषय नाही, त्या माणसाच्या जिवाचा आहे.

घामातून शरीरातली विषं बाहेर पडतात हे खरं का?

नाही. घामात 99 टक्के पाणी, उरलेल्यात मुख्यतः मीठ, थोडं पोटॅशियम, लॅक्टेट आणि युरिया. शरीरातली नको ती द्रव्यं काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. जाड प्लास्टिकचे जाकीट घालून घाम काढल्याने वजनाचा काटा उतरतो तो पाण्यामुळे, आणि पाणी प्यायल्यावर तो परत चढतो.

घाम खारट असतो, पण किती?

ग्रंथीच्या वेटोळ्यात जो द्रव तयार होतो, तो रक्तद्रवाइतकाच खारट असतो. तो नळीतून वर येत असताना नळीच्या पेशी त्यातलं मीठ परत ओढून घेतात. हे ओढून घेण्यासाठी सीएफटीआर नावाचं प्रथिन लागतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात नेमकं तेच बिघडलेलं असतं.

1948 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली आणि उष्णतेने बेजार होऊन दवाखान्यात आलेल्या मुलांत सिस्टिक फायब्रोसिसचं प्रमाण विलक्षण होतं. डॉ. पॉल दी सांताग्नीज यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि 1953 मध्ये या मुलांच्या घामात मीठ फार जास्त असतं हे दाखवलं. आजही निदानाची पायाभूत तपासणी घामाचीच: क्लोराइड लिटरमागे 60 मिलिमोल किंवा अधिक असेल तर आजाराची शक्यता बळकट. बाळाचा पापा घेतला की खारट लागतो, असं एखादी आई सांगत असेल आणि बाळाला वारंवार छातीचा त्रास असेल, वजन वाढत नसेल, तर तिचं म्हणणं डॉक्टरांनी गंभीरपणे घ्यावं.

परीक्षेच्या वेळी तळहातच का ओले होतात?

तळहात, तळपाय आणि काखा मनाच्या ताणाला लगेच प्रतिसाद देतात. बाकीचं अंग मुख्यतः उष्णतेला. दोन्हीचे आदेश अनुकंपी चेतासंस्थेतूनच येतात, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या नसांमधून. पण इथे एक खुबी आहे, जी परीक्षेत हमखास विचारली जाते. अनुकंपी तंतू निरोप पोहोचवायला बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनालिन हे रसायन सोडतात; घर्मग्रंथींपाशी मात्र ॲसिटिलकोलिन सोडतात. हेन्री डेल आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी 1934 मध्ये मांजराच्या पंजावर हे सिद्ध केलं.

हा अपवाद आपल्याकडे जीवन-मरणाचा ठरतो. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात. मग ॲसिटिलकोलिन साठत जातं: घामाने अंग भिजतं, लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर लागते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पोहोचले. तिथे वापरल्या गेलेल्या औषधांत ऑर्गनोफॉस्फेटही होती. फवारणारा माणूस घामाने निथळतोय म्हणजे ऊन लागलं असेल, असं समजून त्याला झाडाखाली बसवून ठेवू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

तिथे दिलं जाणारं ॲट्रोपिन बरोबर उलट काम करतं, ॲसिटिलकोलिनला ग्रंथीवर काम करू देत नाही. धोत्र्यात ॲट्रोपिनसारखीच द्रव्यं असतात. धोत्र्याचं बी पोटात गेलेलं मूल लालबुंद, तापलेलं आणि कोरडं ठणठणीत दिसतं, बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. घाम बंद पडल्यामुळे त्याच्या शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही.

काखेतल्या घामालाच वास का येतो?

काखेत, जांघेत आणि स्तनाग्राभोवती अपोक्राइन नावाच्या वेगळ्या ग्रंथी असतात. त्या केसाच्या मुळाशी उघडतात आणि वयात येताना कामाला लागतात. त्यांचा स्राव ताजा असताना बिनवासाचा असतो. त्वचेवरचे जिवाणू तो मोडतात तेव्हा वास सुटतो. लहान मुलं दिवसभर मातीत खेळून घामाघूम झाली तरी त्यांच्या काखेला तसा वास येत नाही, तो यामुळेच.

हा वास किती यावा, हे एबीसीसी11 या जनुकावरही ठरतं. जपान, कोरिया, चीनमधल्या बहुसंख्य लोकांत त्याचं असं रूप असतं की काखेचा वास नगण्य आणि कानातला मळ कोरडा, भुसभुशीत. 2006 मध्ये जपानी संशोधकांनी कानातल्या मळाचा प्रकार याच जनुकावरून ठरतो हे दाखवलं. त्यामुळे वयात आलेल्या मुला-मुलींना घामाच्या वासावरून टाकून बोलू नये. रोज आंघोळ, काखा नीट कोरड्या करणं आणि धुतलेले सुती कपडे एवढ्याने बहुतेकांचं भागतं. बाजारातली घाम रोखणारी द्रव्यं ॲल्युमिनियमच्या क्षारांनी ग्रंथीचं तोंड तात्पुरतं बुजवतात. जुन्या घरांतली तुरटी ही ॲल्युमिनियमचंच संयुग आहे.

तैलग्रंथी कशासाठी? मुरुमं त्यांच्यामुळेच येतात ना?

तळहात-तळपाय सोडून जवळजवळ सगळीकडे तैलग्रंथी असतात. त्यांची पेशी तेलाने फुगते, फुटते आणि स्वतःच स्राव बनून बाहेर पडते. जन्मलेल्या बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर बराचसा याच तेलाचा असतो. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, तेल वाढतं, केसाच्या नळीचं तोंड बुजतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात आणि सूज येते. तोंड दिवसातून दहादा साबणाने धुतल्याने हे थांबत नाही, उलट त्वचा चिडते. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेली स्टिरॉइडची ‘गोरं करणारी’ क्रीमं तर अजिबात लावू नयेत. त्यांनी मुरुमं वाढतात, त्वचा पातळ होते, आणि सोडवणं कठीण जातं.

पापणीच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथी म्हणजे तैलग्रंथींचंच एक रूप. त्यांचं तेल अश्रूंवर पसरून ते वाळू देत नाही. पापणीतल्या ग्रंथीला जंतुसंसर्ग झाला की रांजणवाडी होते. स्वच्छ कोमट पाण्याच्या कापडाने शेकावं, पिळू नये. कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथी, आणि दुग्धग्रंथीसुद्धा, घर्मग्रंथींपासूनच बदलत आलेल्या आहेत.

घामोळं कशाने येतं?

घर्मग्रंथीची नळी बुजते आणि घाम बाहेर येण्याऐवजी त्वचेतच झिरपतो. वरच्या वर अडकला तर पाण्यासारखे बारीक फोड, थोडा खोल अडकला तर लाल, टोचणारे पुरळ. उपाय एकच: घाम कमी येईल असं करा. हवा, सैल सुती कपडे, गार पाण्याची आंघोळ. पावडरचा जाड थर घामात कालवून बसतो आणि नळीचं तोंड आणखी बंद करू शकतो.

स्पर्शाचे ग्राही किती प्रकारचे आणि प्रत्येकाचं काम काय?

केस नसलेल्या त्वचेत मुख्य चार. मर्केल पेशी (फ्रीडरिश मर्केल, 1875) दाब टिकून असेपर्यंत संदेश देत राहतात. कडा, कोपरे, पोत त्या सांगतात. ब्रेल वाचणाऱ्याचं बोट बरंचसं त्यांच्यावर अवलंबून असतं. मायस्नर कणिका (1852) हलक्या हालचालीला आणि हातातली वस्तू निसटू लागली की लगेच प्रतिसाद देतात. वय वाढतं तशी त्यांची संख्या कमी होते. आजीला सुई धरायला किंवा वर्तमानपत्राची दोन पानं वेगळी करायला जड जातं, त्यात नजरेइतकाच वाटा बोटांचाही असतो. रुफिनी टोकं (1894) त्वचेचा ताण सांगतात.

चौथी पॅसिनी कणिका माझी सर्वांत आवडती. ती एक मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसते. आडवी कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात आणि मधोमध चेतातंतूचं टोक. सततचा दाब हे पापुद्रे जिरवून टाकतात, कंप मात्र आत पोहोचू देतात; सेकंदाला 200 ते 300 कंप असतील तर तिला तो हजारांश मिलिमीटरहूनही बारीक असला तरी कळतो. खिशातला फोन थरथरतो तो तिच्यामुळे कळतो. फिलिप्पो पॅसिनी यांनी विद्यार्थी असताना 1831 मध्ये हाताचं विच्छेदन करताना ती पाहिली. याच पॅसिनींनी 1854 मध्ये फ्लोरेन्समध्ये कॉलराचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि तेव्हा त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

केसाळ त्वचेत प्रत्येक केसाच्या मुळाभोवती चेतातंतूंचं जाळं असतं. शिवाय तिथे सी-स्पर्शतंतू असतात, जे सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हलक्या हाताला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. बाळाच्या पाठीवरून आईचा हात साधारण त्याच वेगाने फिरतो.

घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र घातल्यावर थोड्या वेळाने जाणवत नाही, याचं कारण यातले काही ग्राही फक्त बदलालाच प्रतिसाद देतात.

‘क्राउझे कणिका थंडीसाठी, रुफिनी उष्णतेसाठी’ असं पुस्तकात आहे. बरोबर आहे का?

नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॅक्स फॉन फ्राय यांनी प्रत्येक संवेदनेला त्वचेतली एकेक रचना (क्राउझे कणिका ही त्यांपैकीच) वाटून दिली, त्यातून हे आलं आणि अनेक पाठ्यपुस्तकांत टिकून राहिलं. थंडी, उष्णता, वेदना आणि खाज या चारही उघड्या चेताटोकांवर कळतात. परीक्षेत गुणांसाठी काय लिहायचं ते तुमच्या शिक्षकांना विचारा. वस्तुस्थिती मात्र ही आहे.

ठेच्याने आग का होते आणि पुदिन्याने गार का वाटतं?

उघड्या चेताटोकांवर टीआरपीव्ही1 नावाचं प्रथिन असतं. सुमारे 43 अंश सेल्सियसच्या वर ते उघडतं आणि मेंदूला भाजत असल्याचा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन तेच प्रथिन साध्या तापमानाला उघडतं. मेंदूला फरक कळत नाही, म्हणून ठेचा खाताना कपाळावर खराच घाम येतो. मिरच्या चिरल्यावर हातांची आग होते तीही अशीच. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेव्हा आधी तेल चोळून मग साबणाने धुवावं. मेंथॉल हे टीआरपीएम8 या थंडीच्या प्रथिनाला उघडतं. कपाळाला लावलेल्या बामने तापमान उतरत नाही, उतरल्यासारखं वाटतं.

टीआरपीव्ही1 डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये शोधलं. दाबाने उघडणारी पिएझो प्रथिनं आर्डेम पटापूशियन यांच्या गटाने 2010 मध्ये. दोघांना 2021 चं नोबेल मिळालं.

खाज ही सौम्य वेदनाच असते का?

तसं फार काळ मानलं जायचं. खाजेचे तंतू बरेचसे वेगळे आहेत, आणि ते एकाच प्रकारचेही नाहीत. डास चावल्यावर हिस्टामिन सुटतं, त्यावर ॲलर्जीची गोळी चालते. पण सह्याद्रीत भटकणाऱ्यांना खाजकुयली चांगली ठाऊक असते. तिच्या शेंगेवरच्या सोनेरी लवेत म्युकुनेन नावाचा विकर असतो. 1955 मध्ये शेली आणि आर्थर या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी याच लवेवर प्रयोग केले. ही खाज हिस्टामिनशिवाय होते, त्यामुळे तिच्यावर तशा गोळीचा फारसा उपयोग होत नाही. चोळू नका, लव आणखी रुतते. चिकटपट्टी दाबून ओढून काढा, मग धुवा.

ठेच लागल्यावर आधी कळ आणि मग ठणका, असं दोनदा का दुखतं?

दोन प्रकारच्या तंतूंमुळे. ए-डेल्टा तंतू सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने निरोप नेतात, सी तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचं अंतर प्रौढांत मीटरभर, म्हणून दुसरा निरोप सेकंदभराने पोहोचतो. आपण अंगठा चटकन धरून चोळतो, त्याने खरंच बरं वाटतं: स्पर्शाचे जलद तंतू मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाला अडवतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये ही कल्पना मांडली.

पाठीला दोन बोटं टेकवली तरी एकच का वाटतं?

केसांचा आकडा वाकवून दोन टोकं करा आणि कोणाला तरी डोळे मिटायला सांगा. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तरी दोन टोकं वेगळी कळतात; पाठीवर तीन-चार सेंटिमीटर अंतर लागतं. एर्न्स्ट वेबर यांनी 1834 मध्ये ही मोजमापं प्रसिद्ध केली. ग्राहींची दाटी आणि मेंदूत त्या भागाला मिळालेली जागा, दोन्हींचा हा परिणाम. एका तळहातात, बोटांसकट, स्पर्शाचे सुमारे 17,000 तंतू असतात असा योहान्सन आणि व्हाल्बो यांचा 1979 चा अंदाज आहे.

बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोगच का? कसा ओळखायचा?

फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर खाज नाही, स्पर्श कळत नाही, केस विरळ, आणि घाम नाही. एवढं जुळलं तर कुष्ठरोग धरूनच तपासणी करावी. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंमध्ये घर करतात, त्यामुळे त्या जुडीतलं सगळंच जातं. तपासताना व्यक्तीचे डोळे मिटून कापसाच्या बोळ्याचं टोक आधी चांगल्या त्वचेला आणि मग चट्ट्याला लावायचं आणि ‘कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवा’ म्हणायचं. उन्हातून आल्यावर चट्टा पाहिला तर आणखी सोपं: भोवतालचं अंग ओलसर आणि चट्टा मात्र कोरडा. चेहऱ्यावर चेतातंतू भरपूर असल्यामुळे तिथला चट्टा पूर्ण बधिर नसूही शकतो, म्हणून चेहऱ्याच्या बाबतीत ‘स्पर्श कळतोय, म्हणजे काही नाही’ असं म्हणू नये.

बोटं झडतात ती जंतूंनी खाल्ल्यामुळे, हा समज अजून आहे. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बहुतेक हानी न जाणवलेल्या इजांमुळे होते. चुलीवरचं भांडं, चपलेतला खिळा, विडीचं थोटूक. त्यात घाम नसल्याने कातडी कोरडी पडून भेगा पडतात आणि त्या दुखत नसल्याने कोणी बघत नाही. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली तेव्हा आजारापेक्षा समाजाची भीती मोठी होती. आज बहुऔषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, सहा महिने किंवा वर्षभर चालतो, आणि सुरू झाल्यावर लवकरच रुग्णाकडून लागण होण्याची शक्यता संपते. उशीर झाला तर जंतू मरतात, पण गेलेली नस परत येईलच असं नाही. म्हणून चट्टा लपवू नका, कृपा करून.

शुगर असलेल्यांच्या पायांची एवढी काळजी का?

तिथेही तेच घडतं, फक्त हळूहळू आणि दोन्ही पायांत. लांब तंतू आधी जातात, म्हणून सुरुवात पावलांपासून. मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा. आणि त्याच सुमाराला पावलांचा घाम बंद. टाचांना भेगा पडल्या की आपण थंडीचं कारण देतो, पण मधुमेह्याच्या भेगा नसांची खबर देत असतात. डॉक्टरांनी वर्षातून एकदा तरी 10 ग्रॅमचा दाब पडला की वाकणारा नायलॉनचा तंतू टेकवून आणि कंपकाटा (ट्यूनिंग फोर्क) लावून पाय तपासायला हवेत. विचारलं नाही तर तुम्ही मागा.

देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्यांना फोड आलेले, आणि ते घरी पाय पाहिल्यावरच कळलेले मधुमेही दर उन्हाळ्यात दवाखान्यांत येतात. देवळात सुती मोजे घाला, देव रागावत नाही. पाण्याची उष्णता पायाने बघू नका, कोपराने बघा. रोज रात्री तळवे आरशात पाहा किंवा घरच्यांना दाखवा, तेल लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नको.

साखर एकदम उतरली की गार घाम सुटतो, हे सगळ्यांना माहीत असतं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांत त्या वेळची धडधड आणि थरथर दबते. घाम दबत नाही, कारण तो ॲसिटिलकोलिनवर चालतो. अशा रुग्णाने अवेळी आलेला घाम ही खूण समजून लगेच साखर तपासावी.

काही मुलांना जन्मापासूनच घाम येत नाही. ते कशामुळे?

दोन वेगळी कारणं सांगतो. एकात ग्रंथीच तयार होत नाहीत. केस, दात आणि घर्मग्रंथी गर्भाच्या बाह्यस्तरातून सारख्याच पद्धतीने घडतात, त्यामुळे तो टप्पा चुकला की तिन्ही उणे राहतात. 1875 मध्ये चार्ल्स डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली: चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस तुरळक आणि उन्हाळ्यात त्वचेच्या कोरडेपणाचा भयंकर त्रास. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलांना होतो, हेही त्याने टिपलं.

दुसऱ्यात ग्रंथी असतात, पण त्यांच्यापर्यंत तंतूच पोहोचत नाहीत, आणि वेदना-तापमानाचे तंतूही नसतात. चेतातंतूंच्या वाढीसाठी लागणाऱ्या एनजीएफ या द्रव्याचा ग्राही बनवणारं एनटीआरके1 जनुक बिघडलेलं असतं. 1996 मध्ये जपानच्या यासुहिरो इंदो यांच्या गटाने हे दाखवलं. या मुलांना कारण नसताना ताप चढतो, ती जीभ आणि बोटं चावून जखमी करतात, हाड मोडलं तरी रडत नाहीत. अशा मुलाला ‘सोसणारं’ म्हणून कौतुक करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ओला शर्ट, पाण्याचा फवारा आणि पंखा हे दोन्ही प्रकारच्या मुलांचं उन्हाळ्यातलं औषध.

भाजल्यावर नवी त्वचा आली की ग्रंथी आणि स्पर्श परत येतात का?

वरवर भाजलं असेल तर येतात, कारण केसांची मुळं आणि घर्मनलिका शिल्लक असतात आणि नवी बाह्यत्वचा त्यांच्याच पेशींपासून पसरते. खोल भाजलं आणि मांडीची पातळ त्वचा काढून लावली, तर तिच्यासोबत ग्रंथीची वेटोळी येत नाहीत. भोवतालचे चेतातंतू काही महिन्यांत आत शिरतात, स्पर्श थोडाफार परततो, कधी खाजेने हैराण करतो; घाम बहुधा परतत नाही. शरीराचा मोठा भाग असा असेल तर उरलेल्या त्वचेला जास्त घाम गाळावा लागतो आणि व्यक्ती उन्हात लवकर तापते. त्या त्वचेला स्वतःचं तेलही नसतं. दिवसातून दोन-तीनदा खोबरेल तेल किंवा साधं मलम चोळावं, दुपारचं ऊन टाळावं आणि कामाच्या ठिकाणी पंख्याजवळची जागा मागून घ्यावी.